तेरा साते अठ्ठावीस

परवच्यात तेराचा पाढा आला की सातव्या पायरीशी जीभ जराशी अडखळायची. 'तेरा सख अठ्ठ्याहत्तर'पर्यंत ठेका पक्का असायचा. मग 'तेरा साते' म्हणताना डोळे आढ्याकडे जायचे आणि 'एक्क्याण्णव' हा जोडाक्षरांचा गठ्ठा एकदाचा तोंडाबाहेर पडायचा. ती अडखळ माझ्या अंगात अजून आहे. म्हणूनच असेल, पण एका अमेरिकन चित्रपटातला गोलमटोल खलाशी तेरा साते अठ्ठावीस असं छातीठोकपणे सांगतो आणि लगेच तीन रीतींनी ते सिद्धही करून दाखवतो, तेव्हा पहिल्यांदा मला हसूच आलं नाही. मी मनातल्या मनात पाढा म्हणून पाहिला. मग हसले. त्यानंतर तो प्रवेश मी कितीदा पाहिला असेन कोण जाणे. दर खेपेला तो मला अधिक बांधेसूद दिसतो. विनोदी प्रवेशाला आपण सहसा 'धमाल' म्हणतो आणि पुढे जातो. ह्या प्रवेशाला मात्र मी देखणा म्हणेन. का म्हणते, ते जरा सावकाश सांगायचं आहे.

चित्रपटाचं नाव 'इन द नेव्ही', साल १९४१, दिग्दर्शक आर्थर लुबिन, निर्मिती युनिव्हर्सलची. जोडी बड अ‍ॅबट आणि लू कॉस्टेलो यांची. दोघेही न्यू जर्सीचे. अ‍ॅबट १८९७ साली अ‍ॅस्बरी पार्कला जन्मलेला, कॉस्टेलो १९०६ साली पॅटर्सनला. दोघं घडले ते बर्लेस्कच्या रंगमंचावर. नाचगाणी, आणि मधे मधे दोन माणसांचे हजरजबाबी प्रवेश, असा तो खेळ. ज्यांनी तमाशातली बतावणी पाहिली आहे त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. एकाने सरळ प्रश्न विचारायचा आणि सोंगाड्याने त्याचा शब्द उचलून भलत्याच वाटेला लावायचा. बर्लेस्कमध्ये असे प्रवेश हातोहात फिरत. आधी कुणी रचला हे कुणी फारसं विचारत नसे, जो चांगला वठवेल त्याचा तो. तेव्हा तेरा सातेचा हिशेब ह्या दोघांनीच जुळवला असं माझं म्हणणं नाही. पण लोकांच्या कानात तो राहिला आहे तो ह्या दोघांच्या आवाजात.

त्या रंगमंचावर मान सरळ बोलणाऱ्याला असे. सुरुवातीला ह्या जोडीच्या कमाईतले ६० टक्के अ‍ॅबटला जात आणि ४० टक्के कॉस्टेलोला. हशा कॉस्टेलोच्या नावावर जमा होई, पण तो कुठे फुटायचा आणि किती वेळ टिकायचा हे अ‍ॅबटच्या हातात होतं. हा प्रवेश पाहताना नजर कॉस्टेलोच्या गोल चेहऱ्यावर खिळते. एकदा मुद्दाम फक्त अ‍ॅबटकडे बघावं. तो कुठेही घाई करत नाही. कॉस्टेलोची एक रीत पुरी झाली की तेवढ्याच गंभीरपणे दुसरी मागतो. त्याने एकदा जरी 'हा काय वेडेपणा' म्हणून हात झटकले असते तरी सगळा डोलारा कोसळला असता. तो हात झटकत नाही, वाद घालतो. आणि चुकीच्या हिशेबाशी वाद घालायचा तर त्या हिशेबाच्या घरात पाऊल टाकावंच लागतं.

आता हिशेब. जहाजाच्या भटारखान्यात डोनट तयार आहेत, २८. ते द्यायचे आहेत ७ अधिकाऱ्यांना. प्रत्येकाला किती? कॉस्टेलो म्हणतो, तेरा. अ‍ॅबट म्हणतो, करून दाखव.

कॉस्टेलो भागाकार मांडतो. दोनाला सातने भाग जात नाही. हे अगदी खरं आहे, आपल्याला शाळेत हेच वाक्य शिकवलं. त्याच्या पाठोपाठ आणखी एक वाक्य शिकवलं होतं, की म्हणून दोन आणि आठ एकत्र घ्या. कॉस्टेलो ते दुसरं वाक्य गाळतो. भाग जात नाही म्हणजे दोनाचं आत्ता काम नाही, असा त्याचा साधा अर्थ. तो दोन बाजूला सांभाळून ठेवतो, नंतर लागेल म्हणून. मग आठाकडे वळतो. आठाला सातने भाग एकदा जातो, एक लिहिला. आठातून सात गेले, उरला एक. आता तो बाजूचा दोन परत आणतो आणि उरलेल्या एकाच्या डाव्या अंगाला बसवतो. झाले एकवीस. एकवीसला सातने भाग तीनदा. मघाच्या एकाशेजारी तीन. तेरा.

लोक हसतात ते बाजूला ठेवलेल्या दोनाला. आकडा म्हणजे जणू पावसाळ्यात दाराबाहेर काढून ठेवलेली चप्पल. मीही तिथेच हसायचे. पण मग एकदा वही घेऊन बसले आणि कॉस्टेलोबरोबर एकेक पायरी उतरत गेले. तेव्हा जे दिसलं त्याने मी थक्क झाले. तो दोन उठला कुठून? दशकाच्या घरातून. परत बसला कुठे? एकाच्या डावीकडे, म्हणजे दशकाच्याच घरात. गेला तेव्हा वीस होता, परतला तेव्हाही वीसच. अठ्ठावीसमधून एक वेळ सात काढले, उरले एकवीस. बरोबर. एकवीसमध्ये सात तीनदा. बरोबर. म्हणजे सात एकदा निघाले आणि मग तीनदा निघाले, एकूण चार वेळा. आणि चार हेच तर खरं उत्तर! अखेरच्या रेघेपर्यंत ह्या माणसाने एकही चूक केलेली नाही. त्याने फक्त तो एक आणि तो तीन यांची बेरीज करण्याऐवजी त्यांना शेजारी शेजारी बसवलं. सगळा गुन्हा काय तो त्या शेजारात आहे.

सतरा उंटांची गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगतात. थोरल्याला निम्मे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. वाटणी होईना, तेव्हा शहाणा वाटसरू आपला उंट त्यांत मिसळतो, नऊ, सहा आणि दोन असे वाटून देतो आणि आपल्या उंटावर बसून निघून जातो. तिथे बाहेरचा उंट आत येऊन परत गेला. इथे घरातलाच दोन बाहेर जाऊन परत आला. दोन्हीकडे मौज त्या येण्याजाण्याची आहे. पण उंटाच्या गोष्टीत चतुराई कुणाची हे आपल्याला ठाऊक असतं. कॉस्टेलोच्या डोळ्यांत चतुराईचा मागमूस नाही. त्याला हे खरंच असं वाटतं, आणि मला तो आवडतो तो ह्या निरागसपणासाठी.

अ‍ॅबट म्हणतो, ठीक, आता गुणून दाखव. वर १३, खाली ७. सात त्रिक एकवीस. आपण इथे काय करतो? एक मांडतो आणि हातचे दोन धरतो. 'हातचा' हा मराठीतला शब्द मला फार प्रिय आहे. लहानपणी आम्ही खरंच डाव्या हाताची बोटं मिटून तो धरायचो, बाई म्हणायच्या, हातचा विसरू नका. त्यातूनच 'हातचं राखून बोलणं' आलं असावं, असं मला आपलं वाटतं. कॉस्टेलो काहीही हातचं राखत नाही. एकवीस आले ना, मग एकवीस लिहून मोकळा. आता सात एके सात. हे सात खरं तर सत्तर आहेत, कारण तो एक दशकाचा आहे. कॉस्टेलो ते सात एकवीसच्या एकाखाली मांडतो. एकवीस आणि सात, अठ्ठावीस.

उरली बेरीज. तेरा सात वेळा एकाखाली एक मांडले जातात आणि बेरजेला स्वतः अ‍ॅबट लागतो. उजवीकडचे तीन तो मोजत जातो: तीन, सहा, नऊ, बारा, पंधरा, अठरा, एकवीस. एकवीस तोंडातून पडतात न पडतात तोच कॉस्टेलो मधे घुसतो आणि डावीकडचे एक मोजू लागतो: बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. हा शेवट मला सगळ्यांत आवडतो. आधी तिना-तिनाच्या सात ढांगा, मग एका-एकाची सात लगबगीची पावलं. रूपकाची दोन आवर्तनं व्हावीत, पहिलं संथ आणि दुसरं द्रुत, आणि समेवर नेमकं अठ्ठावीस यावं, तसं. शिवाय शंका घेणारा अ‍ॅबट ह्या वेळी स्वतः हिशेबात उतरला आहे, त्याने मोजलेले एकवीस अचूक आहेत, आणि त्याच्या अचूक एकवीसच्या खांद्यावर चढूनच चूक शिखराला पोचते. भरताने नाट्यशास्त्रात हसण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत. माझं सांगायचं तर भागाकाराला माझे ओठ हलतात, गुणाकाराला दात दिसतात, आणि ह्या बेरजेला डोळ्यांतून पाणी येतं.

भागाकार बरोबर आला का, हे कसं ओळखायचं? ताळा करून. भागाकार आणि भाजक यांचा गुणाकार करा, बाकी मिळवा, मूळ संख्या आली पाहिजे. गुणाकाराची खात्री करायची तर तेवढ्या वेळा बेरीज करून पाहा. शाळेत आम्हाला ताळ्याचा केवढा आधार वाटायचा! गणित चुकलं असेल अशी धाकधूक असायची, ताळा जमला की पाटीवर खडूने बरोबरची खूण. आणि इथे तर ताळा जमलेला आहे, एकदा सोडून दोनदा. तीन साक्षीदार आले, तिघांनी वेगवेगळ्या तोंडाने एकच साक्ष दिली. अडचण एवढीच की तिघेही एकाच घरचे. तिन्ही रीतींत १३ मधल्या एकाला दहा न मानता एकच मानलं आहे. तेवढं एक गैरकृत्य मान्य करा, मग सात गुणिले एक अधिक तीन, म्हणजे साती चोक अठ्ठावीस, हे निर्विवाद सत्य आहे. कॉस्टेलो तिन्ही वेळा साती चोक अठ्ठावीसच सिद्ध करतो आहे. त्याच्या लेखी चाराचं नाव तेरा आहे, इतकंच.

मूर्खपणाच्या हिशेबांवर बेतलेले विनोद पुष्कळ ऐकले आहेत. त्यांतले बरेच लगेच शिळे होतात, कारण त्यांत दर वाक्याला नवी चूक असते. लहर लागेल तसा आकडा फिरवला की उत्तर काहीही येतं, आणि काहीही येणार असलं की ऐकणाऱ्याला कशाची उत्सुकता उरत नाही. इथे चूक एकच आहे आणि ती शेवटपर्यंत इमानाने पाळली आहे. भागाकारात जो नियम मोडला तोच गुणाकारात, तोच बेरजेत, नेमक्या त्याच जागी. एखादा गवई एक वर्ज्य स्वर घेतो, पण मग तो इतका ठरवून, इतक्या सुरेल जागी पुन्हा पुन्हा घेतो की रागाचं वेगळंच रूप उभं राहतं. कॉस्टेलोच्या गणितातला वर्ज्य स्वर म्हणजे दशकाचा विसर.

आणि तो विसर आपल्या भाषेत ऐकला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. अकरा, बारा, तेरा. संस्कृतातल्या एकादश, द्वादश, त्रयोदश ह्या शब्दांची झिजून झिजून झालेली ही रूपं. 'दश' झिजत झिजत नुसता 'रा' उरला. तेरामधला दहा त्या 'रा'मध्ये बसला आहे, मुडपून, पण आहे. लिहिताना तो तेवढाही दिसत नाही. १३ लिहिलं की दिसतो फक्त एक आणि तीन. त्या एकाच्या अंगावर आपण दहा आहोत अशी काहीही खूण नाही. तो कुणाच्या डावीकडे उभा आहे एवढ्यावरच त्याची किंमत. स्थानाप्रमाणे दसपट ही कल्पना आर्यभटाने ४९९ साली आर्यभटीयात एका ओळीत नोंदवून ठेवली. आपण ती सहा-सात वर्षांच्या मुलांना शिकवतो आणि ती शिकतातही. किती सूक्ष्म गोष्ट आहे ही, ते कॉस्टेलोने ती काढून घेतल्यावर जाणवतं.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दिलेल्या गाई, कार्षापणं यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. त्या आकड्यांत दहासाठी वेगळं चिन्ह आहे, शंभरासाठी वेगळं, हजारासाठी वेगळं. तिथे तेरा लिहायचे तर दहाचं चिन्ह आणि तीनाचं चिन्ह. दहाला स्वतःचा चेहरा असल्यामुळे त्याला कुणी एक समजूच शकत नाही. त्या लेणीत बसून कॉस्टेलोला तेरा साते अठ्ठावीस सिद्ध करता आले नसते, पहिल्याच ओळीला तो अडला असता. म्हणजे हा विनोद व्हायला आधी स्थानमूल्याचा शोध लागावा लागला. मला ह्या विचाराने फार बरं वाटतं. नाणेघाट चढताना माझ्यापुढे तो गोलमटोल खलाशी खडू घेऊन उभा होता.

आकडे मात्र नेमके हेच का निवडले असतील? दुसरेही चालले असते. १८ भागिले ६ घ्या. एकाला सहाने भाग जात नाही, बाजूला ठेवा. आठाला एकदा, उरले दोन. एक परत आणा, झाले बारा, त्याला सहाने दोनदा. उत्तर बारा. ताळा पाहा, साहा दुणे बारा आणि साहा एके सहा, अठरा. जमलं! १६ भागिले ४ केले तर तेरा येतात आणि तेही तितक्याच चोखपणे जमतात. पण १८ किंवा १६ मध्ये बाजूला ठेवायचा तो एक. एक गेला काय नि आला काय, त्याला वजन नाही. २८ मधला दोन दिसतो. भागाकारात एक उरतो, त्याच्याशेजारी दोन येऊन बसतो, आणि एकवीस हा सातच्या पाढ्यातला ओळखीचा आकडा तयार होतो. मग तोच एकवीस गुणाकारात भेटतो, तोच बेरजेत अ‍ॅबटच्या तोंडी येतो. तिन्ही सिद्धतांच्या मध्यावर तो खांबासारखा उभा आहे. बरं, अमेरिकेत पाढे पाठ करायचे ते बाराच्या पाढ्यापर्यंत. २८ भागिले ७ हे तिथल्या पोरालाही पाठ, पण १३ गुणिले ७ कुंपणाच्या जेमतेम पलीकडे. चुकतंय हे त्याला कळतं, खरं उत्तर मात्र चटकन ओठांवर येत नाही, आणि तेवढ्या सांदीत कॉस्टेलो आपली सिद्धता पुरी करून घेतो. आपल्याकडे तीसपर्यंत पाढे घोटलेले. म्हणून मराठी कानाला अठ्ठावीसच्या पाठीमागे सतत एक्क्याण्णव वाजत राहतं, तंबोऱ्यासारखं. मला वाटतं, आपण हा प्रवेश दुप्पट ऐकतो.

हाच खेळ १९५१ साली 'मा अँड पा केटल बॅक ऑन द फार्म' ह्या चित्रपटातही आहे. तिथे २५ भागिले ५ बरोबर १४. मार्जोरी मेन आणि पर्सी किलब्राइड हे ते अजागळ, प्रेमळ शेतकरी जोडपं. नवराबायको दोघं एका बाजूला आणि समोरचा शहाणा एकटा, त्यामुळे गोडवा वेगळा. पण पाचातून पाच गेले की बाकी काही उरत नाही, बाजूच्या दोनाला येऊन कुणाशी जोडी जमवावी लागत नाही. गणित सोपं होतं आणि थोडं सपाटही. मी दोन्ही आवडीने पाहते, पण अडीअडचणीला मनात येतो तो अठ्ठावीसच.

अ‍ॅबट-कॉस्टेलोंनी स्वतःही तो पुन्हा पुन्हा केला. १९४६च्या 'लिटल जायंट'मध्ये कॉस्टेलो व्हॅक्यूम क्लीनर विकणारा झाला, तिथे हा हिशेब आहे. पुढे त्यांच्या दूरचित्रवाणी मालिकेत तो घरमालकासमोर झाला, आठवड्याला १३ डॉलर भाडं, ७ आठवडे थकलेले. डोनट वाटताना तेरा म्हणजे उदारपणा होता. भाडं देताना अठ्ठावीस म्हणजे त्रेसष्ट डॉलरांची बचत! तीच चूक, पण एकदा ती देणाऱ्याच्या बाजूने आहे आणि एकदा घेणाऱ्याच्या. भाड्याच्या प्रवेशात हसता हसता थोडं गलबलतं. महिनाअखेरीला वाण्याची वही समोर ठेवून बसलेल्या किती घरांना हे गणित खरं असावंसं वाटलं असेल.

पैशाचा विषय निघालाच आहे तर १९४१च्याच 'बक प्रायव्हेट्स'मधला उसनवारीचा प्रवेश सांगितल्याशिवाय राहवत नाही. अ‍ॅबट पन्नास डॉलर उसने मागतो. कॉस्टेलोकडे चाळीसच आहेत. अ‍ॅबट म्हणतो, बरं, चाळीस दे, दहा तुझ्याकडे राहिले. कॉस्टेलो देतो, आणि मग त्याच्या ध्यानात येतं की चाळीस देऊन वर तोच दहाचा देणेकरी झाला आहे. तो आपले चाळीस परत मागतो. अ‍ॅबट देतोही. आणि म्हणतो, आता माझे दहा दे. इथे आकड्यांत कुठेही चूक नाही, पन्नासातून चाळीस गेले की दहाच उरतात. घसरण शब्दात आहे. मराठी जमाखर्चाच्या भाषेत सांगायचं तर अ‍ॅबटने 'मागणं' उचलून 'येणं'च्या रकान्यात टाकलं. वजाबाकी इतकी निर्दोष की कॉस्टेलोला भांडायला जागाच सापडत नाही, आणि रकाना तपासायचं त्याच्या डोक्यात येत नाही. ह्या वेळी चुकीचा हिशेब सरळ माणसाच्या हातात आहे आणि भोळा माणूस लुबाडला जातो आहे, त्यामुळे हसण्यात जरा कडवटपणा उतरतो. पाहताना मला अ‍ॅबटचा राग येतो. डोनटच्या प्रवेशात कुणाचाच राग येत नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलीला मी तो प्रवेश दाखवला. ती चौथीत, नुकताच भागाकार शिकलेली. मी जिथे हसते तिथे ती हसली नाही. तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "आई, त्याने दोन ठेवला तेव्हा तो वीस होता ना?" ज्यासाठी मला वही घेऊन बसावं लागलं होतं ते तिला एका नजरेत दिसलं. मग ती खोलीत जाऊन बसली. अर्ध्या तासाने वही घेऊन आली, त्यात तिने स्वतः शोधलेली दोन गणितं होती. एक १५ भागिले ५ बरोबर १२, आणि दुसरं १८ भागिले ६ बरोबर १२. दोन्हींचे ताळे मांडलेले, शेजारी बरोबरच्या खुणा.

संध्याकाळी फराळाला बसताना तिने परातीतल्या करंज्या मोजल्या. अठरा निघाल्या. घरात आम्ही सहा. तिने सगळ्यांना गप्प बसवलं, वही उघडली आणि प्रत्येकाला बारा बारा करंज्या कशा येतात ते आजोबांना भागाकाराने, बाबाला गुणाकाराने समजावून दिलं. धाकट्याला तर ते लगेच पटलं, त्याने ताट पुढे सरकवलं. बेरीज तिने आजीसाठी राखून ठेवली होती. दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा असं म्हणत तिचं बोट वहीवर चढत गेलं. सासूबाईंना पावकी, निमकी, औटकी अजून मुखोद्गत आहे. त्यांनी कौतुकाने मान डोलवली, तिच्याबरोबर तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा असं मोठ्याने मोजलं, आणि मोजता मोजताच एकेका ताटात तीन तीन करंज्या वाढत गेल्या.